रंगाआधी मोडलेली धार

त्याला सगळे आरसा म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी उच्चारलं जायचं, आणि तेव्हा तोच मागे वळून बघायचा, कुणाला हाक मारतायत म्हणून.

गाड्या दुरुस्त करायच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये तो रंगारी होता. आपटलेल्या, चेपलेल्या, घासलेल्या गाड्या आधी ठोकणाऱ्यांकडे जायच्या, आणि पत्रा सरळ झाला की आरशाकडे यायच्या. रंग पूर्ण सुकला की तो गाडीच्या दारासमोर वर्तमानपत्र उघडून धरायचा. दारात दिसणारी उलटी अक्षरं वाचता आली तर गाडी बाहेर. नाही आली तर पुन्हा घासायला. मॅनेजर वैतागायचा. "अहो, गिऱ्हाइकाला गाडी चालवायचीय, पेपर नाही वाचायचा." आरसा नुसती मान हलवायचा आणि घासायचा पाणी पेपर ओला करून पुन्हा दारापाशी उकिडवा बसायचा. एकदा ठोकणाऱ्यांपैकी एकाने नुकत्याच चमकवलेल्या बॉनेटवर वाकून बघितलं आणि म्हणाला, "आरशा, काम झकास आहे, पण माझं तोंड काही बरं दिसत नाही यात."

"रंग माझा आहे, तोंड तुझ्या आईबापांचं. तक्रार तिकडे कर."

कामाला लागलेल्या नव्या माणसाला तो सगळ्यांत आधी एकच गोष्ट शिकवायचा: धार मोडायची. वस्तू कुठलीही असो, रंग धारेवर टिकत नाही. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, थर तिथे पातळ राहतो, आणि पुढे चमक आणायला घासलं की पहिला तिथेच उडतो. म्हणून रंगाआधी प्रत्येक कडेवरून पेपर फिरवायचा, अंगठ्याला कडा गोल लागेपर्यंत. "रंग धारेला घाबरतो," तो म्हणायचा. "आधी त्याची भीती घालवा, मग फवाऱ्याची गन हातात घ्या." हे करता करता त्याच्या अंगठ्याला अशी सवय लागली होती की घरी टेबलाची कड, शेल्फची कड, खिडकीची चौकट, जिथे टोकदार लागेल तिथे तो नकळत अंगठा फिरवत बसायचा. घरातल्या सगळ्या फर्निचरच्या कडा त्याने कधी ना कधी मोडल्या होत्या.

फवाऱ्याच्या धुक्यात आयुष्य काढल्यावर छाती जे करते तेच त्याच्या छातीने केलं. सुरुवातीला सकाळचा खोकला, मग जिना चढताना धाप. तोंडाला नीट मास्क लावायची अक्कल त्याला उशिरा आली, आणि आली तेव्हा छातीत जायचं ते जाऊन बसलं होतं. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाला, "गन आता हातात धरायची नाही. एकदाही नाही." आरसा घरी बसला.

घरी बायको होती, आणि ती हळूहळू बहिरी होत होती.

ही बाई एकेकाळी ड्रम वाजवायची. शनिवारी ज्या हॉलमध्ये नाच व्हायचा तिथल्या बँडमध्ये ती एकटीच बाई होती, आणि तीही सगळ्यांच्या मागे बसलेली. ड्रमचा सेट तिच्या मोठ्या भावाने जुना विकत आणला होता, स्वतःसाठी. त्याला हात आणि पाय वेगवेगळे चालवायला जमलं नाही. तिला जमलं. भावाने थोडे दिवस तोंड फुगवलं, मग तोच सेट हॉलवर पोहोचवायला लागला.

आरशाची आणि तिची भेट बँडच्या गाडीमुळे झाली. गाडी कुठेतरी घासली होती आणि तो तिला रंग देत होता. ही बाजूला उभी राहून बघत होती.

"गाडीला एवढं घासताय, माझ्या ड्रमांना कुणी विचारत नाही," ती म्हणाली. ड्रमांवर लाल चमकीचा प्लास्टिकचा पत्रा चिकटवलेला होता आणि तो ठिकठिकाणी तडकला होता.

"आणा की. असे करून देतो की तोंड बघून केस विंचराल."

"केव्हा?"

"ही गाडी संपली की."

ती गाडी संपली, पुढची आली. लग्न झालं, मुलगी झाली, आणि शनिवारचा हॉल हळूहळू सुटला. पायाने वाजवायचा सगळ्यांत मोठा ड्रम बँडच्या गाडीतच राहिला आणि त्या गाडीबरोबरच कुठेतरी गेला. बाकीचे ड्रम खोलीतल्या माळ्यावर चढले. मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दूरच्या शहरात निघून गेली, तरी ते तिथेच. मधेच कधीतरी बायको आठवण करून द्यायची, "माझे ड्रम रंगवणार होतास ना?" आणि तो म्हणायचा, "हातातली गाडी संपू दे." हे इतक्या वेळा झालं की त्यांच्यात तो एक विनोदच होऊन बसला. लाइट बिल भरायचं राहिलं, नळ गळायला लागला, की ती म्हणायची, "असू दे, हातातली गाडी संपू दे."

लोकांसमोर ती त्याला अहो म्हणायची आणि घरात अरे. कान गेल्यावर मागे कोण उभं आहे ते तिला कळेनासं झालं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अरे सुटू लागलं. त्याला ते आवडायचं.

कान एकदम गेले नाहीत. वरचे आवाज आधी गेले. दाराची बेल, पक्षी, फोनवरची मुलगी. मग बोलण्यातली अक्षरं अर्धी अर्धी पोहोचू लागली. तिने माणसांच्या ओठांकडे बघायला सुरुवात केली आणि एके दिवशी त्याच्यासमोर वस्तरा आणून ठेवला.

"मिशी काढ. मला ऐकू येत नाही."

तरुणपणापासूनची मिशी त्याने काढली. आरशात बघितलं तर समोर त्याचा बाप उभा होता. ती म्हणाली, "आता स्पष्ट येतंय," आणि हसली. दोन कानांपैकी डावा पार गेला होता. उजव्यासाठी एक यंत्र मिळालं. पण त्यातून शब्द यायचे नाहीत, नुसता कलकलाट यायचा, आणि घटकाभराने ते काढून ती बशीत ठेवून द्यायची. कानांचा डॉक्टर सरळ बोलणारा होता. उजव्यात खालचे, जाडे आवाज थोडे शिल्लक आहेत, म्हणाला. तेही जातील. केव्हा ते सांगता येत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर चप्पलसुद्धा न काढता ती म्हणाली, "ड्रम खाली काढ."

धापा टाकत त्याने ते काढले. एक धातूचा, खाली तारा ताणलेला, त्याला ती तडतड्या म्हणायची. एक लहान लाकडी, ती चिमणी. त्याहून जरा मोठा, तो नुसताच मधला. "मधल्याला कोण नाव ठेवतं," असं तिचं म्हणणं. आणि चौथा तीन पायांवर उभा राहणारा रुंद, खोल ड्रम, ते आजोबा. तिने खुर्ची ओढली आणि काठी हातात घेतली. तडतड्यावर मारली. चेहऱ्यावर काही नाही. चिमणी, काही नाही. मधला. तिने डोकं जरा कलतं केलं, पण नाही. मग आजोबांवर मारली.

ती काठी हवेत तशीच धरून बसली.

"बोलतायत," ती म्हणाली. "अरे, आजोबा बोलतायत अजून."

तिने पुन्हा मारली. मग दुसरा हात ड्रमच्या लाकडी घेरावर सपाट ठेवला आणि पुन्हा पुन्हा मारत राहिली, सावकाश, प्रत्येक आवाज संपेपर्यंत थांबून. हात उचलला तेव्हा तडकलेल्या लाल चमकीचे कण तळव्याला चिकटले होते, एकदोन रुतलेही होते. ते झटकत ती म्हणाली, "एवढं कर माझं. हे टोचतं ते काढ आणि रंग लावून दे. साधाच लाव. हाताला लागू नये एवढंच."

आरशाने मान हलवली. ती काय म्हणाली ते त्याने नीट ऐकलं होतं. पण मनात मात्र दुसरंच सुरू झालं होतं. तिच्या लग्नाआधीच्या ड्रमांना आपण शब्द दिला होता, आणि आयुष्यभर लोकांच्या गाड्या चमकवल्या. आता साधा रंग लावायचा? आपण?

रंगाच्या दुकानदाराकडे तो गेला तेव्हा दुकानदार डब्यांची धूळ झटकत होता. "या या, आरसेकाका. मला वाटलं तुम्ही हे सगळं सोडलं."

"एक काम आहे. घरचं. लाकूड आहे."

दुकानदाराने काउंटरवर एकेक डबा मांडला. ऑइल पेंट, ब्रशने लावायचा. "जाड बसतो, सावकाश सुकतो, आणि खिडक्या-दरवाजांसारखा दिसतो. तुम्हाला नाही आवडायचा." मग फर्निचरचं पॉलिश, लाखेचं. "दिसतं सुंदर, पण हाताच्या घामाने पांढरं पडेल." मग जवसाच्या उकळलेल्या तेलाची बाटली. "लाकूड चांगलं असेल तर हे बघा. फडक्याने पुसायचं. थर म्हणून काही बसत नाही, आतच मुरतं."

"चमक?"

"चमक नाही."

"तेल खुर्चीला," आरसा म्हणाला. "गाडीचाच दे. गडद लाल. वर क्लिअर आणि हार्डनर."

"त्याला गन लागेल. आणि डॉक्टरांनी तुम्हाला…"

"दे रे तू."

दुकानदाराने डबे पिशवीत भरले. देता देता त्याने विचारलं, "काका, वाजवायचे आहेत की ठेवायचे आहेत?"

"दोन्ही," आरसा म्हणाला. प्रश्न त्याच्या नीट डोक्यात शिरलाही नव्हता.

गॅरेजला सुट्टी असेल तेव्हा तो तिथे जायचा. वॉचमन ओळखीचा होता. घरी त्याने सांगितलं होतं की रंग ब्रशचाच आहे, फक्त जागा मोकळी लागते. पहिल्यांदा त्याने ड्रमांची कडी सोडवली, कातडी बाजूला काढली. प्लास्टिकची असली तरी बायको त्यांना कातडीच म्हणायची. लाल पत्रा तापवून सोलला. आतून फिकट, पातळ पातळ पापुद्रे चिकटवून गोल वाकवलेलं लाकूड निघालं. वरच्या तोंडाची कडा त्याने अंगठ्याने तपासली. ती सुरीसारखी निमुळती होती, आतल्या बाजूने तिरपी कापलेली, आणि जुनी असल्यामुळे जागोजाग बारीक तुटलेली.

असल्या कडेवर रंग काय टिकणार? अंगठा आपोआप फिरला, हात आपोआप पेपरकडे गेला.

त्याने धार मोडली. मधल्याची, मग आजोबांची, वरची आणि खालचीही. तुटलेल्या जागा पुट्टीने भरल्या आणि पुन्हा घासून कडा अशी गोल केली की गालावरून फिरवली तरी लागू नये. घासताना पाणी घेतलं, जसं तो नेहमी घ्यायचा. मग प्रायमर, मग लाल, मग वरून पारदर्शक क्लिअर, प्रत्येक थरानंतर घासणं, आणि पुन्हा थर. रंग आत, कडेवर, बाहेर, सगळीकडे सारखा. मास्क नीट बांधला होता, तरी काम संपायच्या सुमाराला खोकला असा उसळला की वॉचमनने त्याला पाणी दिलं आणि गन हातातून काढून घेतली. चिमणी राहूनच गेली. तिचा एक बोल्ट गंजून घट्ट बसला होता, आणि तो सोडवायची ताकद उरली नव्हती. तिला नंतर करू म्हणून दोन रंगवलेले ड्रम आणि तशीच राहिलेली चिमणी रिक्षात घालून तो घरी आला.

खिडकीच्या उजेडात ठेवून त्याने वर्तमानपत्र उघडून धरलं. लाल आजोबांच्या पोटात सगळी अक्षरं उलटी वाचता येत होती.

बायको पुढे आली. मग वाकून आपलं तोंड बघितलं आणि खरंच एक बट कानामागे सारली.

"केवढं केलंस रे," ती म्हणाली. मग त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि रागावली. "ब्रशचा रंग म्हणाला होतास. मी बहिरी आहे, नाक शाबूत आहे माझं." राग टिकला नाही. कारण तो खोकत होता, आणि खोकता खोकता हसत होता.

आजोबांवर कातडं तिनेच चढवलं. ते सहज बसेना. रंगाच्या थरांनी घेर जाड झाला होता. तिने तळव्याने चोहीकडून दाबून ते बसवलं, कडं लावलं, बोल्ट आवळले. काठी घेतली आणि मारली. आरसा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने आणखी एकदा मारली, बोल्ट आणखी आवळले, लाकडाला हात लावला, पुन्हा मारली.

मग ती हसली. ते हसू जरा उशिरा आलं, हे त्याला नंतर आठवलं.

"कसा झालाय?"

"छान. फार छान झालेत दोन्ही."

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही ड्रमांवर चादर घातली. धूळ बसेल म्हणाली. रोज चादर काढून मऊ फडक्याने पुसायची आणि पुन्हा घालायची. वाजवायची नाही. "चरे पडतील," म्हणायची. आरशाला वाटलं, वस्तूची कदर म्हणतात ती हीच. कुणी आलं की तो स्वतः चादर बाजूला करून दाखवायचा. शेजारीण म्हणायची, "अगबाई, यात तर लिपस्टिक लावता येईल." तो सुखावायचा.

एका दुपारी तो औषध घेऊन नेहमीपेक्षा लवकर परत आला. बायको समोर आली तेव्हा तिच्या गालावर लाल चमकीचे कण होते. गालाच्या हाडापासून कानापर्यंत.

"हे काय लागलंय?"

तिने गाल पुसला आणि कण बघितले. आरसा तिच्या शेजारून आतल्या खोलीत गेला. पलंगावर चिमणी पडली होती, तडकलेल्या लाल पत्र्याची. शेजारी काठी. ती त्या लहानशा ड्रमवर गाल टेकून वाजवत होती.

"चिमणी तुला ऐकू येत नाही," तो वळून म्हणाला. तिला ओठ दिसावेत म्हणून पुन्हा सावकाश म्हणाला.

"नाही येत. हाडाला थोडं लागतं."

"मग आजोबा? आजोबा तर येतात ऐकू."

ती गालावरचे उरलेले कण पुसू लागली. तो बाहेर गेला, चादर ओढून काढली आणि काठीने आजोबांवर मारलं. थप्प. ओल्या गादीवर मारावं तसं. त्याने आणखी जोरात मारलं. थप्प. त्याचे कान शाबूत होते. इतके दिवस त्याने हा ड्रम सगळ्यांना दाखवला होता, आणि एकदाही वाजवला नव्हता.

"तू म्हणालीस छान झालेत."

"छानच झालेत. बघायला." ती दारात उभी होती. "तू रात्ररात्र खोकत होतास. कसं सांगायचं होतं मी?"

"पण असा का वाजतोय? मी तर फक्त रंग…"

"धार कुठे गेली रे त्याची?" हे तिने हळू विचारलं. इतकं हळू की त्याला वाटलं, स्वतःचा आवाज किती आहे हे तिला या वेळी बरोबर कळलंय. "आतून तिरपी कापलेली धार होती. कातडं त्या धारेवर टेकतं. धारेवरच आवाज असतो."

आरशाचा अंगठा हलला, आणि थांबला.

"रंग टिकत नाही धारेवर," तो म्हणाला. "म्हणून मोडली."

एवढं बोलून तो आजोबांशेजारी जमिनीवर बसला. लाल पोटात त्याचं तोंड दिसत होतं, बिनमिशीचं, स्वच्छ, एक रेषा इकडची तिकडे नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही ड्रम जुन्या ओळखीच्या सुताराकडे नेले. सुताराने आधी शिटी वाजवली. "वा रे आरशा! दाढी करायला ठेवू का इथे?" मग आरशाचं तोंड बघून तो गंभीर झाला. "धार पुन्हा काढता येईल. मशीनवर फिरवून तिरपी कापायची. थोडा बुटका होईल ड्रम, बाकी काही नाही."

मधल्याची धार निघाली. पुट्टीचा आणि रंगाचा चुरा उडाला, खालून लाकूड आलं, आणि कडा पुन्हा अंगठ्याला टोचली. आरसा तो अंगठा दाबून उभा राहिला.

मग आजोबा. मशीनचं पातं लागताच कडेचे पापुद्रे सुटायला लागले, जुन्या पुठ्ठ्यासारखे. सुताराने मशीन बंद केलं आणि वाकून बघितलं.

"याला पाणी पाजलंस का?"

"पाणी पेपरने घासला होता."

"लाकूड आहे रे हे. बॉनेट नाही." त्याने बोटाने एक पापुद्रा उचकटला, तो सरळ खालपर्यंत फाटत गेला. "कडेतून पाणी आत शिरलं, वरून तू रंगाने तोंड बंद केलंस. ओल आतच राहिली, सरस सुटला सगळा. आणखी खाली कापू का? कापतो. पण चांगलं लाकूड लागेपर्यंत उरेल काय?"

"काप."

सुताराने आणखी कापून बघितलं. पुन्हा पापुद्रेच. तिसऱ्यांदा त्याने मशीनला हात लावला नाही. आरशाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू दे आता. निदान दिसतोय तरी चांगला."

हे ऐकून आरशाला इतका खोकला आला की सुताराने स्टूल ओढून त्याला बसवलं.

नवा घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. वाद्यांच्या दुकानात तो तिला घेऊन गेला. तिथे आजोबांएवढाच रुंद ड्रम होता, काळा, कोरा. तिने त्यावर मारलं. आरशाचा जीव टांगणीला लागला.

"येतंय ऐकू," ती म्हणाली.

"मग घेऊया!"

तिने पुन्हा मारलं, काठी खाली ठेवली. "कुणीतरी परकं बोलतंय," ती म्हणाली. "काय बोलतंय ते कळत नाही. चल, घरी जाऊ." त्याने आग्रह केला, दुकानदारानेही केला. ती ओठांकडे बघायचं सोडून दाराकडे बघू लागली. तिच्याशी भांडणात कुणी जिंकायचं नाही ते त्यामुळेच. नजर वळवली की तिच्यापुरता विषय संपला.

मधला गाडीच्या रंगाच्या थरांत जड झाला होता, गालाला त्याचं काही लागत नव्हतं. राहिली होती चिमणी. एके सकाळी बायकोनेच ती आणून त्याच्यासमोर ठेवली.

"हिला रंग लाव."

"नको. मी हात लावणार नाही हिला."

"गाल सोलवटतो माझा. लाव म्हणते ना." मग म्हणाली, "मी समोर बसते."

तो रंगाच्या दुकानात गेला. दुकानदाराने काही विचारायच्या आत म्हणाला, "ते तेल दे." दुकानदाराने बाटली दिली.

गंजलेला बोल्ट त्याने तेलाचे थेंब सोडून सोडून सोडवला. लाल पत्रा सोलला. पाणी घेतलं नाही. धारेभोवती चिकटपट्टी लावली, आणि अंगठा तिकडे जाऊ लागला की बायको त्याच्या मनगटावर काठीने टपली मारायची. फडक्यावर थोडंसं तेल घेऊन त्याने लाकडावर पुसलं. ते लगेच आत गेलं. लाकूड जरासं गडद झालं, मधाच्या रंगाचं. तो सुकायची वाट बघत राहिला. तेल सुकायला वेळ लागतो, आणि रोज सकाळी ती येऊन हात लावून बघायची. सुकल्यावर कातडं चढवलं. तिने तळवा लाकडावर सपाट ठेवला.

"मार."

त्याने काठीने मारलं.

"आता गाल." ती टेकली. "मार."

त्याने मारलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"आणखी एक हात द्यायचा का तेलाचा?" त्याने विचारलं, आणि मग लक्षात आलं की तिला ओठ दिसत नाहीयेत. त्याने तिच्या खांद्याला हात लावला आणि पुन्हा विचारलं.

"नको. इथेच थांब."

एका हातावर थांबलेलं ते त्याचं आयुष्यातलं एकच काम. चमक नाही. वर्तमानपत्र धरलं असतं तर त्यात काळा डागसुद्धा दिसला नसता. त्याने धरलं नाही.

थंडीत तिचा उजवा कान गेला. एका सकाळी ती उठली आणि यंत्र कानात घालून बराच वेळ बसली, काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. मग म्हणाली, "गेले वाटतं." कोण गेले ते त्याला विचारावं लागलं नाही.

आता रोज संध्याकाळी ती चिमणीवर गाल टेकते आणि तो वाजवतो. त्याला ताल अजिबात कळत नाही. तो घाईत पुढे जातो, मधेच खोकला आला की थांबतो, आणि ती डोळे न उघडता त्याच्या गुडघ्यावर बोटांनी बरोबर ठोका देते. त्या ठोक्यावर तो पुन्हा सुरू करतो. कधीकधी दोघांचं जमतं.

आजोबा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आहेत, वर कातडं नुसतंच चढवलेलं. कडेची जास्त फाटलेली बाजू भिंतीकडे, चमकणारं पोट दाराकडे. आरशाने तो टाकून द्यायचा म्हणून दोनदा दाराबाहेर नेऊन ठेवला. दोन्ही वेळा बायकोने आत आणला. "माझे आजोबा आहेत," म्हणाली, "तुझे नाहीत." नवीन येणारा प्रत्येक माणूस त्यासमोर थांबतो, वाकून स्वतःचं तोंड बघतो आणि म्हणतो, "काय हात आहे हो तुमचा!" हे बायकोला ऐकू येत नाही. आरशाला येतं. तो पाणी आणायच्या निमित्ताने आत जातो.

तिचं कानाचं यंत्र आता बशीत नसतं. ते ती आजोबांवर ठेवते. रोज सकाळी ते उचलून ती त्याखालचं कातडं आणि मग ते लाल पोट मऊ फडक्याने पुसते, एकही चरा पडू न देता, आणि यंत्र पुन्हा जागच्या जागी ठेवते.